कलम तीन : गाढव

३ जून, सकाळी ७
आमच्या शाळेच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ॲडमिन मी. वर्गाची मॉनिटरही मीच होते, तेव्हा हे ओघानंच आलं.
आज चिमणीचा फोन. शाळेत सगळी वर्षं आम्ही एका बाकावर. ती रोज सकाळी ग्रुपवर एक गाणं म्हणून पाठवते, आणि लगेच त्याखाली कॅप्टन (आमची खेळाची कॅप्टन, अजून तोच दरारा) गाढवाचं चित्र टाकते. मग सतरा जणींचे दात काढलेले चेहरे. चिमणी म्हणाली, हे गेल्यापासून सकाळी उठायचं कशाला असं होतं गं, तेवढं एक गाणं असतं. तू काहीतरी कर.
म्हटलं, करतेच.

३ जून, दुपारी
घाई नको. छळ कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाही, तर कारवाई कशावर करणार? आधी व्याख्या. नवी वही काढली. समास आखला.

४ जून
सून म्हणाली, आई, कॅप्टनमावशींना फोन करा ना, दोन मिनिटांचं काम आहे. या पिढीला शिस्त म्हणून नाही.
पहिली ओळ झाली : 'इंटरनेटवरचा छळ म्हणजे'. पुढे सुचलं नाही. अक्षर मात्र सुरेख आलंय. शाळेतल्या सिस्टर असत्या तर वहीत स्टार दिला असता.

६ जून
कलम एक, शिवी. कलम दोन, धमकी. कलम तीनला घोडं अडलं. गाढव शिवी देत नाही, धमकी देत नाही, नुसतं उभं असतं. वाचनालयातल्या बाईंना विचारलं (त्यांचा भाऊ वकील आहे). म्हणाल्या, जिला लागलं तिलाच विचारा की. छे! मग निःपक्षपातीपणा कुठे राहिला?
लिहून टाकलं : नुसत्या चित्राने कोणाला लागत नसतं.

७ जून
आज गाढवाला टोपी होती. एक हसरा चेहरा मीही टाकला. ॲडमिनने कोणा एकीची बाजू घेतलेली बरी दिसत नाही.

९ जून
चिमणीचं गाणं आलं नाही. त्यामुळे गाढवही नाही. व्याख्या अजून वहीतच आहे, तरी तिचा धाक बघा!

११ जून
चौदा कलमं झाली. चिमणी ग्रुप सोडून गेली.
जाताना मला एकटीला लिहिलंय. चौथीत मागच्या बाकावरची माझ्या वेणीला शाई लावायची, आठवतं? तेव्हा तू व्याख्या नाही केलीस. माझ्या जागेवर येऊन बसलीस. वर्षभर.
आठवतं. निळी शाई, पांढरी रिबीन. रोज आईची बोलणी खाल्ली, पण जागा सोडली नाही. तेव्हा लहान होते. नियम ठाऊक नव्हते.
वाईट वाटलं. ताबडतोब पंधरावं कलम घातलं : तक्रार फक्त ॲडमिनकडे करावी. परस्पर निघून जाऊ नये.

१२ जून, सकाळी ९
व्याख्या ग्रुपवर टाकली. सतरा जणींचा होकार, कॅप्टनचा सगळ्यांत आधी. विरोध कोणाचाच नाही. इतकी एकी वर्गात कधी नव्हती.
चिमणीलाही पाठवली. आता येईल परत.

१२ जून, सकाळी ९.०५
चिमणीचं उत्तर आलं. शब्द एकही नाही. गाढव. टोपीवालं.

१२ जून, दुपारी ४
नुसतं चित्र आहे. सकाळपासून सहादा उघडून बघितलं. चहा दोनदा गार झाला. सून म्हणाली, आई, काय झालं? म्हटलं, काही नाही, डोळ्यात कचरा गेलाय.
लागलं.
पंधराव्या कलमाप्रमाणे तक्रार ॲडमिनकडे करायची. पण त्या बाईचा काही भरवसा नाही.