दगडाखालच्या मुंग्या

३ जून
मुंग्या! टोमॅटोकडे ढुंकून बघत नाहीत, नेमक्या माझ्या मिरच्यांवर. दोनशे रोपं, प्रत्येकावर एक रांग वर जाणारी, एक खाली येणारी. शेंडे आकसलेत. पान उलटलं तर खाली मावा चिकटून बसलाय आणि या बाया त्याला दुभत्या गाईसारखं सांभाळतायत! सप्टेंबरात नेवेनाचं लग्न. लेकीच्या लग्नात सगळ्या पाहुण्यांना मला माझ्याच मिरच्या भाजून वाढायच्यात. रोपं जगली तर.

४ जून
शेजारच्या झिव्कामावशी म्हणाल्या, "कॉफीचा गाळ टाक, वासानं पळतात." आमच्या घरात गाळाला काय तोटा! तरी दोन कप जास्तच प्यायले. मुंग्या काही पळाल्या नाहीत, मीच दिवसभर धावत होते.

५ जून
व्हिनेगर. दोन तास गायब. संध्याकाळी सगळ्या हजर, वर पाहुणे घेऊन.

७ जून
वारूळ सापडलं! अक्रोडाजवळचा तो चपटा दगड — त्याच्याखालूनच सगळ्या रांगा निघतात. उकळतं पाणी घेऊन निघाले, तर तिहोमीर आडवा. एरवी या माणसाला खुर्चीतून उठवायला जेवणाची हाक लागते!
"त्या दगडाला हात लावायचा नाही."
का?
"मुंग्या चावतील."
"अरे, त्यांनाच तर मारायला चाललेय!"
"राहू दे म्हटलं ना. मिरच्यांचं मी बघतो."
हा बघणार! लग्नाला तीस वर्षं झाली, नवऱ्यानं अजून एक गाजर उपटलेलं नाही.

८ जून
बघतोय!! साबणाच्या पाण्याची बादली, फाडलेलं जुनं बनियन, आणि गुडघ्यांवर बसून एकेक पान उलटून मावा पुसतोय. सकाळपासून तीन वाफे झाले. झिव्कामावशी कुंपणावरून ओरडल्या, "अगं दुशित्सा, नवऱ्याला ताप आलाय का?" तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच या मदतीला, तोंड तरी गप्प बसेल." मावशी काही आल्या नाहीत.

९ जून
कळलं! सिगारेटी! डॉक्टरांनी बंद केल्यात ना, म्हणजे दगडाखाली पाकीट असणार. म्हणे मुंग्या चावतील. मला शिकवतोय.

१२ जून
नेवेना आली होती. जेवताना सहज म्हणाली, "उरोशदादाच्या लग्नात बाबांनी बाटली उकरली तेव्हा काय धमाल आली होती, नाही?" बस, एवढंच. हसून बोलली. पण मी पाव आणायच्या निमित्तानं उठले.
आमच्याकडे मुलगा झाला की रकियाची, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूची, बाटली जमिनीत पुरायची आणि त्याच्या लग्नात उकरून सगळ्यांना पाजायची. उरोशसाठी पुरली. नेवेना झाली तेव्हा सासरे म्हणाले, "पोरीसाठी कसली पुरता? ती परक्या घरी जायची." तिहोमीर शेजारीच उभा होता. तोंडातून ब्र काढला नाही. सासरे गेले, त्यांचं सगळं मी विसरले. पण याचं ते गप्प उभं राहणं सत्तावीस वर्षांत मी माफ केलेलं नाही. म्हणून तर या मिरच्या. बापाची बाटली नाही तर नाही, आईच्या हातचं काहीतरी तिच्या लग्नात असू दे.
नेवेनाचं बोलणं ऐकून तिहोमीर उठला, ताट अर्धं टाकून बादली घेऊन वाफ्यात गेला.

१५ जून
नवे शेंडे फुटलेत! मावा जवळजवळ गेला, मुंग्यांच्या रांगाही विरळ झाल्या. तिहोमीरची कंबर मात्र धरलीय. रात्री तेल चोळून दिलं. राग तो राग, कंबर ती कंबर.

१६ जून
उद्या तिहोमीर दात दाखवायला लेस्कोवात्सला जाणार. दुपारपर्यंत येत नाही. दगड उचलते. पाकीट सापडू दे, मग बघते त्याच्याकडे! कुदळ कोठाराच्या दाराशी काढून ठेवलीय.

१७ जून
सिगारेटी नाहीत.
हातभर खाली मेणकापडात गुंडाळलेली बाटली. गळ्याला पत्र्याची पट्टी, खिळ्यानं कोरलेली: नेवेना, ११ मार्च १९९८. अक्षर तिहोमीरचं. सासऱ्यांच्या नकळत पुरली. माझ्याही.
तिथेच मातीत बसून पोटभर रडले. मग होतं तसं सगळं पुरलं, दगड जागेवर ठेवला. मुंग्या लगेच आत शिरल्या.
जेवायला बसलो तेव्हा त्यानं माझे सुजलेले हात पाहिले. "हे काय?"
"मुंग्या चावल्या."
त्यानं खिडकीतून अक्रोडाकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "सांगितलं होतं ना."
हो म्हटलं.