नावेत तू बसली नाहीस

माय, इथे विनिपेगला बर्फ वितळायला लागलाय आणि नदी फुगलीय. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे काठावरची घरं आहेत, त्यांच्या मागच्या अंगणांना वाळूच्या पोत्यांची भिंत घालायचं काम चालू आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाची तयारी बाजूला ठेवून आपली मंडळी शनिवारी पोती भरायला गेली, त्यांच्याबरोबर मीही गेले. तुझी नात माझ्यासमोर पोत्याचं तोंड उघडं धरून उभी होती आणि मी फावड्याने वाळू टाकत होते. पोतं अर्धं भरलं तसं मी ते पुढे सरकवलं. ती म्हणाली, "मॉम, फिल इट अप ना." मी म्हटलं, अर्धंच भरायचं, म्हणजे ते दुसऱ्यावर नीट बसतं, गच्च भरलेल्या पोत्यांच्या मधून पाणी येतं. "हाऊ डू यू नो धिस?" तिने विचारलं. मी सांगायला लागले आणि तुझ्यापाशी येऊन थांबले. तिच्यासाठी तू फक्त फोटोतली आजी आहेस. मग वाटलं, तुलाही सांगावं.

ती तेव्हा माझ्या पोटात होती. बँकॉकच्या उत्तरेला, कारखान्यांच्या पट्ट्यातल्या त्या अरुंद गल्लीत आम्ही दुमजली घर भाड्याने घेतलं होतं आणि तू नागपूरहून माझ्या बाळंतपणासाठी आली होतीस. नागपुरात मेयो हॉस्पिटलच्या, म्हणजे तुझ्या भाषेत 'मेव'च्या, समोरून जाताना तू नेहमी म्हणायचीस की सगळ्या दवाखान्यांतली नोकरी सारखीच असते. तुझी स्वतःची नोकरी मात्र छोट्या सरकारी दवाखान्यात गेली, स्टाफ नर्स म्हणून. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि हाताला काम नसल्यामुळे तू माझ्या स्वयंपाकघरातले डबे रोज नव्याने लावत होतीस. पूर येणार असं टीव्हीवर आठवडाभर सांगत होते. तुला ते पटत नव्हतं, कारण आभाळ स्वच्छ निळं होतं. "पाऊस कुठी आहे?" असं तू गच्चीवर जाऊन विचारायचीस. पाणी वरून यायचंच नव्हतं. ते उत्तरेकडून, शेतांवरून, हळूहळू चालत येत होतं.

आमची घरमालकीण शेजारच्याच घरात राहायची. विधवा बाई, तुझ्याच वयाची, समोरच्या खोलीत शिवणकाम करायची. दर थोड्या वर्षांनी तिने हे पाहिलेलं होतं. तिने आमच्या दाराच्या उंबऱ्यावर गुडघ्याएवढी विटांची भिंत बांधून घेतली, वॉशरूमच्या मोरीत पोतं दाबून ठेवायला लावलं, कारण पाणी दारातून यायच्या आधी तिथून येतं म्हणे. फ्रिज टेबलावर चढवला, पिण्याचं पाणी मिळेल त्या भांड्यात भरून वर नेलं. रोज सकाळी ती भिंतीपलीकडून हाक मारायची, "सबाय दी माय?" बरी आहेस ना, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यातलं 'माय' हे नुसतं प्रश्न विचारायचं अक्षर. मी तुला ते समजावून सांगितलं, पण तू ऐकलं नाहीस. "थे मला माय म्हणते," असं तू ठरवून टाकलंस आणि तिकडून हाक आली की इकडून "हाव माय" असं उत्तर द्यायचीस.

तुझा जावई त्याच्या कंपनीचा कारखाना वाचवायला गेला आणि रस्ते बंद झाल्यावर तिकडेच अडकला. दोन दिवसांनी गल्लीत पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही; सकाळी पाहिलं तर गल्ली चमकत होती. दुपारपर्यंत ते मांडीला लागलं. कंपनीचा माणूस दोरीने एक चपटी नाव ओढत आला. मोठ्या रस्त्यावर उंच ट्रक उभा होता, त्यातून समुद्राकडच्या गावी न्यायचं होतं. त्याला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, नावेत दोघी आणि दोन बॅगा. मी बॅगा उचलल्या. तू मात्र घरमालकिणीच्या घरात गेलीस आणि परत येईना.

मी मागून आले तर तू तिच्या आईच्या पलंगापाशी. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती हे मला माहीत होतं, पण मी कधी आत गेले नव्हते. तू रोज जात होतीस, तिच्या पाठीच्या जखमा धूत होतीस, हे मला त्या दिवशी कळलं. घरमालकीण आईला सोडून निघणार नव्हती. "हिला नावेत घ्या," तू म्हणालीस. मी कंपनीच्या माणसाला सांगितलं. त्याने मान हलवली; फक्त कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं, असं साहेबाने बजावलं होतं. मला भीती वाटत होती, पोट दुखत होतं. मी म्हटलं, "माय, चल ना. आपली कोण लागते ती?"

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. ओरडली नाहीस. "असं मी वॉर्डात विचारलं असतं तं एक दिवस नोकरी झाली नसती माझी," एवढंच म्हणालीस. मग त्या म्हातारीच्या उशाशी मांडी घालून बसलीस, हात जोडलेस आणि त्रिसरण म्हणायला लागलीस, बुद्धं सरणं गच्छामि. मला वाटलं, हिला आता काय झालं. पण म्हातारीचे ओठ हलायला लागले. घरमालकीण खाली बसली. शब्द तेच होते, उच्चार वेगळे. तुझ्या 'गच्छामि'ला त्यांचं 'खच्छामि' येऊन मिळत होतं. दारात मांडीभर पाण्यात उभा असलेला तो माणूस घड्याळ पाहत होता. त्याने दोरी सोडली, डोक्यावरची टोपी काढली आणि हात जोडले. संपेपर्यंत तसाच उभा राहिला. मग आत आला आणि गादीचं एक टोक उचललं.

माझ्या बॅगा तिथेच वरच्या मजल्यावर राहिल्या. नावेत म्हातारी आणि मी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. तू साडी वर खोचून, जावयाचे गमबूट घालून एका बाजूने चालत होतीस, दुसऱ्या बाजूने घरमालकीण, नावेची कड धरून. गल्लीच्या तोंडाशी तुझा पाय उघड्या गटारात गेला आणि तू छातीपर्यंत खाली गेलीस. मी किंचाळले. घरमालकिणीने नाव सोडली नाही, दुसऱ्या हाताने तुझा पदर आणि दंड एकदमच धरला आणि ओढून वर काढलं. एक गमबूट खालीच राहिला. तुम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसत सुटलात. मी मात्र रडत होते, आणि ती म्हातारी माझा हात थोपटत होती.

समुद्राकाठच्या त्या गावात कंपनीने आम्हाला दोन खोल्या दिल्या होत्या. एक तू त्या दोघींना देऊन टाकलीस. जावई तिथे पोचला तेव्हा त्याला दाराशी झोपायला जागा मिळाली. पाणी उतरेपर्यंत, म्हणजे महिन्याहून जास्त, आपण तसे राहिलो. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. घरमालकीण दगडी खलात मिरच्या, लसूण आणि वासाचं कसलं तरी मासळीचं वाटण कुटतेय, तू शेजारी उभी राहून तिच्या हातून बत्ता घेतेस, शेंगदाणे टाकतेस, मासळीचं भांडं हळूच लांब सरकवतेस. ती ते परत जवळ आणते. तू चव घेतेस, डोळ्यांत पाणी येतं आणि म्हणतेस, "आता जमला ठेचा." तुझ्याहून तिखट खाणारं माणूस तुला आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं. म्हातारीच्या जखमा भरत आल्या होत्या.

परत आलो तेव्हा भिंतींवर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ होती. फ्रिज टेबलावरून उलटून दाराशी आडवा पडलेला. वास असा की मी उंबऱ्यावरूनच मागे फिरले. तुम्ही दोघींनी तोंडाला फडकी बांधली आणि आधी तिचं घर, मग माझं, ब्लीचने घासून काढलं. बाळ झालं तेव्हा तिने तुझ्या जुन्या साडीची झोळी शिवून दिली. तू नागपूरला परतलीस त्या दिवशी ती विमानतळापर्यंत आली होती, आणि काचेपलीकडे जाईपर्यंत तुम्ही आपापल्या भाषेत एकमेकींना काहीतरी बजावत होतात.

इथे यायचं तुझं राहूनच गेलं. आम्ही विनिपेगला आलो, तुझ्या नातीने बालवाडीत जायला सुरुवात केली, आणि त्या हिवाळ्यात भावाचा फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे सगळं मी शनिवारी घरी येताना गाडीत तुझ्या नातीला सांगितलं.  ती म्हणाली, "शी जस्ट सॅट डाउन? लाइक, सिट-इन?" मी हसले. म्हटलं, हो, धरणं धरल्यासारखं, तसंच काहीसं.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, ती तुला सांगते. घरमालकीण अजून आहे. तिची आई तुझ्या आधीच वारली, ते मी तुला फोनवर सांगितलं होतं. दरवर्षी तिकडे पाण्याचे दिवस आले की तिच्या भाचीच्या फोनवरून मला तिचा मेसेज येतो. गल्लीचा फोटो असतो, उंबऱ्यावरची भिंत असते, आणि खाली तुझ्याबद्दल विचारलेलं असतं, सबाय दी माय. तू गेलीस हे मी तिला अजून कळवलेलं नाही. दरवर्षी मी लिहिते, माय बरी आहे, तुझी आठवण काढते.