उपअभियंता साहेबांचा पाय गाळणारा फिल्टर काढल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
पूल देखभाल विभाग.

विषय : कंपमापन प्रोग्राममधील फिल्टर विनापरवानगी काढल्याची नोटीस रद्द होणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ९ जुलै.

महोदय,

मी खाली सही करणार नदीवरील पुलावरच असलेल्या नियंत्रण केबिनमध्ये प्रोग्रामर आहे. पुलाची थरथर मोजणारा सेन्सर केबिनच्याच फरशीखाली बसवलेला असून त्याच्या नोंदी तपासणारा प्रोग्राम मी लिहिला आहे. थरथर मर्यादेबाहेर गेल्यास भोंगा वाजतो व दोन्ही बाजूंची फाटके पडतात.

याच केबिनमध्ये बसणाऱ्या उपअभियंता साहेबांना खुर्चीत बसल्यावर पाय हलवण्याची सवय आहे. सेकंदाला दोनदा, अगदी ठेक्यात. त्यामुळे मार्च महिन्यात भोंगा सहा वेळा वाजला. पाय आवरता येईल काय, अशी नम्र पृच्छा केली असता, "पाय माझा आहे, मशीन सरकारचं. सुधारायचं ते मशीन सुधारा," असा तोंडी आदेश मिळाला. त्यानुसार नेमक्या त्याच ठेक्याची थरथर नोंदीतून गाळून टाकणारा अकरा ओळींचा फिल्टर मी जोडला. भोंगा गप्प झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

जून महिन्यात साहेब आठ दिवस रजेवर गेले. पाय अर्थातच सोबत नेला. तरीही फिल्टर रोज पूर्वीइतकीच थरथर गाळत होता. खुर्ची तर रिकामी होती. देखभालीच्या वेल्डरबाईंना घेऊन मी पुलाखाली उतरलो. त्यांनी तुळईला तळहात लावला आणि म्हणाल्या, "हा कुणाचा पाय नाही हो. पूलच हलतोय."

मी धावत वर येऊन फिल्टर काढला. भोंगा वाजला, फाटके पडली. फाटकापाशी पहिलीच गाडी शाळेची बस होती व ती चालवणारी माझी थोरली बहीण. तिने फोन केला, "पोरं कंटाळलीत. पूल पडणारेय की नाही, एकदाचं सांग!" तोवर वेल्डरबाईंना तुळई टेकते तिथले आठपैकी पाच बोल्ट तुटलेले सापडले होते. मी बहिणीला बस मागे घ्यायला सांगितले. तिने आयुष्यात प्रथमच माझे ऐकले.

बोल्ट बदलून पूल चौथ्या दिवशी सुरू झाला. मला मात्र फिल्टर विनापरवानगी काढल्याबद्दल व "वरिष्ठांच्या अनुपस्थितीत त्यांच्या पायाविषयी संशय घेतल्याबद्दल" नोटीस आली. तसा संशय मी घेतलेला नाही. उलट, जूनमध्ये पाय निर्दोष असल्याचे सिद्ध करणारा या कार्यालयातील मी एकमेव कर्मचारी आहे.

साहेब रुजू झाल्यापासून त्यांच्या पायाने भोंगा चार वेळा वाजला असून फिल्टर पुन्हा जोडण्याचा आदेश झाला आहे. तो मी पाळणार नाही. तरी नोटीस रद्द करून साहेबांचे टेबल-खुर्ची काठावरच्या गोदामात हलवण्यास परवानगी द्यावी. हमाल लागणार नाहीत. मी, वेल्डरबाई आणि बहीण मिळून उचलू. साहेब बसलेले असले तरी चालेल.

आपला नम्र व अद्याप सेवेत असलेला,
(सही)
प्रोग्रामर, नियंत्रण केबिन
दि. १४ जुलै

सोबत :
१) साहेबांच्या रजेतील आठ दिवसांचे आलेख
२) तुटलेला बोल्ट, नग एक (जड आहे, काचेच्या टेबलावर ठेवू नये)