एका शिफ्टला एकच इनचार्ज

प्रिय भावेश,

फोन बंद करून गावाला आईंकडे जाऊन बसलास, मग लिहू नाहीतर काय करू? त्यांना काय सांगितलंस, पित्त झालंय? शाब्बास!

बायको इनचार्ज झाली म्हणून रुसलास. अरे, पण पूर्ण्याच्या आपल्या गोडाऊनची काय दशा होती, ते तूच काल्हेरला घरी येऊन रोज बडबडायचास ना? लोडर ठेकेदाराचं ऐकणार, तू फोर्कलिफ्टवाला म्हणून मेंटेनन्सच्या साहेबांचं, आणि गाडी उशिरा सुटली की शिव्या मला, गाड्यांची नोंद ठेवणारीला, जिच्या हाताखाली कोणीच नाही. डोकं फिरायचं माझं. ती तेलाची पेटी फुटली तेव्हा सांडलेलं पुसायचं कोणी, हेच ठरलेलं नव्हतं. हिरामणकाका घसरले, कपाळाला टाके पडले.

म्हणून मुंबईचे साहेब नवीन रचना करायला आले, तेव्हा मी स्पष्ट बोलले. एका शिफ्टला एकच इनचार्ज ठेवा, गेटपासून गाडी सुटेपर्यंत सगळे त्याच्या हाताखाली. आणि जबाबदारी देताय तर हजेरी-रजेची सहीही द्या, नुसतं ऐकून घ्यायला कोणी बसलेलं नाही. त्यांनी मान्य केलं आणि माझंच नाव टाकलं. मी मागितलं नव्हतं, पण नाकारू का? तुझं नाव असतं तर अख्ख्या चाळीत पेढे वाटले असतेस.

आता काम धड चाललंय. हिरामणकाका म्हणतात, कोनाला इचारायचं हाय ते तरी समजलं. फक्त तुझी फोर्कलिफ्ट उभी आहे. ती बघितली की राग येतो, मग रडू येतं, मग परत राग.

माझ्या हाताखाली नकोच असेल, तर तुला दुसऱ्या शिफ्टला घालता येईल. पण मग तू घरी येणार आणि मी निघणार. असला संसार मला नको.

भावेश, न सांगता गैरहजर राहणाऱ्याला आधी नोटीस जाते, मग नाव कमी होतं. आता ती इनचार्जच्या सहीने जाते. तुझ्या नोटिशीवर मी आज सही केली. टाळली असती, तर उद्या दुसऱ्या कोणाला कुठल्या तोंडाने जाब विचारला असता? ती पोस्टाने येईल. हे पत्र आजच गावाला निघालेल्या दिपालीताईंच्या हाती देतेय, म्हणजे आधी माझं हे वाचशील. लगेच ड्युटीवर ये. नाहीतर पुढच्या कागदावरही मलाच सही करावी लागेल, आणि मी ती करेन रे.

रागावलेली, पण तुझीच,
हेमाली