अकरा वेळा पाठवलेला कोड

३ मार्च, सोमवार

‘पासवर्ड चुकीचा आहे.’ हे वाक्य आज नऊ वेळा वाचलं. आईचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, चिंगीची जन्मतारीख, घराचा नंबर — सगळं घालून झालं. यातलं काहीच नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घालत बसले.

सकाळी पेपरात वाचलं, वापरात नसलेली मेलची खाती कंपनी एकतीस तारखेला कायमची पुसणार. चहा हातात तसाच गार झाला. त्या खात्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, चिंगीचं, एक पत्र आहे. न उघडलेलं. विषयाच्या जागी फक्त ‘ताई, वाच’. तीन वर्षं म्हणत होते, खड्ड्यात गेलं ते पत्र. आता खरंच जाणार म्हटल्यावर हवंसं झालंय.

४ मार्च

लिहूनच टाकते, इथे कोण बघतंय.

आई अंथरुणाला खिळली होती. चिंगी नोकरीसाठी लांब. ‘ताई, रजा मिळत नाहीये गं.’ ‘ताई, पुढच्या आठवड्यात नक्की.’ असे तीन महिने. आईचं उठणं-बसणं, अंग पुसणं, सगळं मी एकटी करत होते, वर कामावर जात होते. एक दिवस फोनवर डोकं फिरलं. म्हटलं, ‘आता येऊच नकोस. आईला मी आहे.’ फोन आपटला. दुसऱ्या दिवशी हे पत्र.

मला वाटलं, आता ही मला धुऊन काढणार. बोलण्यात तिचा हात कोण धरणार! वाचायचं नाही असं ठरवलं, पण स्वतःचा भरवसा नव्हता. म्हणून लॅबमध्ये मुनीला संगणकासमोर बसवलं — ‘पासवर्ड बदल. मनाला येईल ते घाल. मला सांगू नकोस.’ मुनी म्हणजे माझ्याबरोबर कवळ्या बनवणारा. दिवसाला सात वाक्यं बोलतो, त्याला गुपित सांगणं म्हणजे विहिरीत टाकणं.

दहा दिवसांनी आई गेली. चिंगी आली नाही. नंतर तिने केलेले फोन मी उचलले नाहीत. मग तेही थांबले.

७ मार्च

आज मुनीला विचारलंच. तो मेणाची हिरडी कोरत होता. मान वर न करता म्हणाला, ‘‘लिहून ठेवलाय.’’

‘‘कुठे?’’

‘‘साच्यावर.’’

आमच्याकडे जे हरवायला नको ते साच्याच्या तळाशी कोरायचं. पेशंटचं नाव, तारीख, दातांचा रंग. कागद ओला होतो, फाटतो. प्लास्टर राहतं. तर या बाबाने माझा पासवर्डही कुठल्याशा जुन्या जबड्याखाली कोरून वर फळीवर ठेवून दिला! तीन वर्षं मी त्याच फळीखाली बसून दात घासतेय. लोकांचे.

८ मार्च

चारशे जबडे उतरवले. शिंका येऊन येऊन नाक लाल. प्रत्येक जबडा माझ्याकडे बघून हसतोय असं वाटायला लागलं.

सापडला. पण अर्धा. तळाशी मुनीचं मुंगीएवढं अक्षर, पासवर्डच्या पहिल्या पाच खुणा, आणि पुढे साचा तुटलेला. मागच्या वर्षी फळीला रंग देताना तो मीच पाडला होता. उरलेला तुकडा मीच केरात टाकला होता, ‘कुणाचा कोण जाणे’ म्हणत.

मुनीला पुढचं आठवत नाही. ‘‘तुम्हीच म्हणालात, मनाला येईल ते.’’ कोणावर चिडू?

१२ मार्च

‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण आहे. विसरायला मला तो कधी माहीत होता? तरी दाबलं. ‘कोड पाठवला आहे.’ फोन हातात धरून बसले. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

१३ मार्च

आणखी सहा वेळा. नाही.

१५ मार्च

आज तीन वेळा. एकूण अकरा. फोन ठणठणीत, वीजबिलाचे मेसेज बरोबर येतात.

त्या खात्यात ते एकच पत्र थोडंच आहे! नऊ वर्षांची आहेत. तिची घरमालकीण, तिचं पहिलं करपलेलं जेवण, साहेबाची नक्कल, ‘ताई, आज उगाच रडले, तू विचारू नकोस’. मी विचारायचेच. मग ती चार पानं लिहायची.

आज घरी एकटीच जेवताना तिच्याशी मोठ्याने बोलले. खरं सांगायचं तर मला पत्र नको आहे. मला ती हवी आहे. पत्र निदान पासवर्डने उघडतं.

१७ मार्च, सोमवार

मुनीने माझा चष्मा पुसून माझ्याच हातात दिला आणि पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘कोड तुमच्या फोनवर जात नाहीये. दुसऱ्या मेलच्या पत्त्यावर जातोय.’’

बारीक अक्षरात पत्ता होता. पहिली दोन अक्षरं, पुढे नुसती टिंबं. चिंगीचा!

खाती आम्ही एकाच दिवशी उघडली होती, संगणकाच्या दुकानात, एका खुर्चीवर दोघी अर्ध्या अर्ध्या बसून. दुकानदार म्हणाला, अडीअडचणीला दुसरा कुणाचा तरी पत्ता द्या. मी तिचा दिला, तिने माझा. ‘एक विसरली तर दुसरी आहेच की,’ चिंगी म्हणाली होती.

म्हणजे अकरा वेळा तिला कळलंय की मी आत शिरायला बघतेय. लाजेने कान तापले. मग लगेच हिशेब केला — आठवत असेन का मी तिला, बारा तारखेपासून रोज?

२० मार्च

काही नाही.

नवीन खातं काढून तिला लिहायला बसले. ‘चिंगे’ एवढं लिहिलं. तासभर तेवढंच होतं.

२४ मार्च, दुपार

लॅबचा फोन वाजला. मुनीने उचलला, ऐकलं, माझ्यापुढे धरला. ‘‘बहीण.’’

‘‘ताई, तो चोर तूच ना?’’

मी स्टूल ओढून बसले.

‘‘अकरा कोड आलेत मला. आधी वाटलं, कुणीतरी तुझं खातं फोडतंय. मग म्हटलं, चोर इतक्यांदा चुकत नाही.’’

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘आठवडाभर फोन हातात घेतेय आणि ठेवतेय. कधीपासून उघडत नाहीये ते?’’

‘‘तुझं पत्र आलं त्या दिवसापासून. मीच बंद करून घेतलं.’’

‘‘म्हणजे तू ते वाचलंच नाहीस?’’

‘‘नाही.’’

पलीकडे नळ चालू होता. तो तिने बंद केला. ‘‘मला वाटलं, वाचलंस,’’ ती म्हणाली. ‘‘वाचूनही...’’ मग एकदम कोरड्या आवाजात, ‘‘दाब बटण. मी आकडे सांगते.’’

दाबलं. तिने सहा आकडे सांगितले, एकेक करून, शाळेत मी तिला पाढे शिकवायचे तसे सावकाश. मुनीने पुढे केलेल्या कागदावर मी लिहिले.

‘‘आता वाच,’’ म्हणाली आणि फोन ठेवला.

२४ मार्च, संध्याकाळ

तीन ओळी आहेत.

‘ताई, रजा देत नाहीत म्हणून नोकरी सोडली. येत्या गुरुवारची गाडी आहे, सामान बांधून ठेवलंय. तुझा राग मला कळतो, तुला न विचारता दारात उभी राहणार नाही — तू नुसतं ये म्हण.’

आई त्या गुरुवारानंतर दोन दिवसांनी गेली. शेवटचे दोन दिवस ती दाराकडे बघत होती, आणि मी तिला सांगत होते, चिंगीला यायचंच नाहीये.

आत्ता त्या पत्राला उत्तर पाठवलं. ‘ये.’