एका बायकी माणसाची मालमत्ता

मी, अनेस्तिस कारिपिदिस, वय एकाहत्तर, धंदा लग्नाचे पोशाख शिवणे, राहणार ग्रीसमधील कावाला, बंदराच्या वरची आळी, नोटरीबाई व तीन साक्षीदारांसमोर माझी शेवटची इच्छा सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा धाक नाही, आणि सकाळपासून कॉफीखेरीज काही घेतलेले नाही. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्यातून उठलो तर हा कागद कपाटात पडून राहील. न उठलो तर पुढीलप्रमाणे व्हावे.

कलम पहिले. दोन खोल्या, स्वयंपाकघर व गच्ची असे माझे स्वकष्टार्जित घर मी स्तामातिस वुल्गारिस यास पूर्ण मालकीहक्काने देतो. तो माझ्यासोबत या घरात छत्तीस वर्षे राहत आहे. नगरपालिकेत जाऊन आमचे नाते नोंदवायचे दोनदा ठरले. दोन्ही वेळा त्याने कोट चढवला, आरशासमोर उभा राहिला आणि कोट काढून ठेवला. मी आग्रह धरला नाही. म्हणून हा कागद करावा लागत आहे. माझा पुतण्या प्रोद्रोमोस ‘तो तर भाडेकरू, म्हातारा गेला की उठवू’ असे बोलल्याचे मला कळले आहे. बाळ प्रोद्रोमोस, हा कागद झाल्यावर पुतण्याचा या घरावर कायद्याने काहीही हक्क पोचत नाही, नोटरीबाईंना मी दोनदा विचारले. तुला तुझ्या आजीची चांदीने मढवलेली मरियममातेची तसबीर देतो. तिच्यासमोर असे बोलून बघ.

कलम दुसरे. शिलाई मशीन, कात्र्या व पोशाख चढवून बघायचा लाकडी पुतळा शेजारीण आर्गिरो हिला. तिच्या लग्नाचा पोशाख मी शिवला, आणि घटस्फोटानंतर त्याच कापडाचे पडदेही मीच शिवून दिले.

कलम तिसरे. माझा निळा रेशमी झगा फोकिओन मावरोस यास. याला कारण सांगणे भाग आहे.

फोकिओन शाळेत कसरत शिकवायचा. बंदरामागच्या एका खानावळीत आमच्यासारख्या पुरुषांची बैठक जमे. बाहेरच्या जगाने आम्हा सगळ्यांना एकाच टोपलीत टाकले होते, पण आत आमची वेगळी उतरंड होती. भरदार आवाज, रुंद छाती, कोणाला संशय येणार नाही अशी चाल, यांना मान. माझ्यासारखा, बोलताना हात आणि चालताना कंबर हलवणारा, हसण्यापुरता सगळ्यांना हवा असे. घरी न्यायला कोणालाच नको. स्तामातिस तेव्हा गोदीत लोखंड जोडायचा. त्याच्या खांद्यांवर सगळ्यांचा डोळा, फोकिओनचा सर्वांत जास्त. आणि तो राहत होता माझ्याकडे.

एकोणनव्वद साली एके दिवशी फोकिओन भर पंगतीत म्हणाला, “स्तामातिस, तुला बाईच हवी होती तर खरीच करायचीस की. ही नक्कल कशाला?”

सगळे हसले. स्तामातिसने मान खाली घालून मासा संपवला. ते मला त्या बोलण्यापेक्षा जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी मी केस बारीक कापले. मिशी ठेवायला घेतली, आवाज खाली आणला, पोलिसासारखा पाय रोवून चालू लागलो. स्वयंपाक करताना गाणे बंद केले. स्तामातिस थोडे दिवस बघत राहिला. मग एका दुपारी बटाटे सोलता सोलता म्हणाला, “हे काय चाललंय तुझं?”

“पुरुष व्हायचं बघतोय.”

“एक आहे की घरात. त्याचाच वीट आलाय मला. दिवसभर गोदीत छाती काढून फिरायचं, घरी आलो की तू गात असायचास, तेव्हा कुठे खांदे खाली यायचे. ती मिशी काढ बाबा. माझ्या काकासारखा दिसतोस.”

मिशी काढली. त्या रविवारी बंदरावर सगळे गाव फिरायला आले असताना त्याने माझा हात आपल्या दंडात घेतला आणि खानावळीसमोरून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. तोवर त्याने चारचौघांत मला बोटही लावले नव्हते. सोमवारी गोदीच्या मालकाने त्याला कामावरून काढले. पुढच्या रविवारी त्याने पुन्हा दंड पुढे केला.

फोकिओन आता त्र्याहत्तरचा आहे. एकटा राहतो. फोनवर जोडीदार शोधतो, आणि तिथे अजूनही लिहितो: ‘फक्त मर्दानी. बायकी लोकांनी त्रास देऊ नये.’ दर रविवारी जेवायला मात्र या बायकी माणसाकडे येतो आणि भांडीही घासतो. फोकिओन, झगा घालून बघ. दार लावून घे हवे तर.

कलम चौथे. स्तामातिसची देखभाल. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला. खांदे उतरले, आवाज बारीक झाला. एकदा मी त्याला अंघोळ घालत असताना तो आरशाकडे पाहून म्हणाला, “तुला आवडला होता तो गडी गेला. आता कशाला थांबतोस?”

मी खोटे बोललो नाही. “खांद्यांसाठीच जवळ आलो होतो,” म्हणालो, “आणि गेले त्याचं वाईटही वाटतं. पण थांबलो खांद्यांसाठी, असं वाटतं तुला? मग तू फोकिओनपेक्षा येडा.”

तो हसला, तोंडाच्या एका बाजूने. मग हळूच म्हणाला, “ते तुझं गुलाबाचं क्रीम मलाही लाव. मला तो वास पहिल्यापासून आवडतो. मागायची लाज वाटायची.”

तेव्हापासून रोज लावतो. माझ्यामागे आर्गिरोने लावावे, आधी तळहाताला, मग मानेला. नखे तो कोणाला कापू देत नाही. गाणे म्हटले की देतो. फोकिओनने त्याला रविवारी बंदरावर न्यावे, काठी न देता, दंड धरून. लोक बघतील. बघू द्यावे.

शेवटचे. नोटरीबाईंनी विचारले, “स्तामातिस तुमचे कोण, काय लिहू?” इस्पितळात मी भाऊ सांगतो, बँकेत भाडेकरू. मी म्हणालो, “माझा माणूस.”

“असा शब्द कायद्यात नाही हो.”

“असू दे. लिहा.”

वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. सांगणाऱ्याने तो बरोबर असल्याचे मान्य करून सही केली. लाभार्थी स्तामातिस वुल्गारिस, सांगणाऱ्याचा माणूस, वाचनाच्या वेळी नियमाप्रमाणे दालनाबाहेर बाकावर बसून होता.

सही: अनेस्तिस कारिपिदिस

साक्षीदार: एव्हान्थिया त्सोलाकी, निवृत्त परिचारिका
मिनास सारिदिस, मासेमारी होडीचा मालक
पारिस देलिओस, बेकरीवाला

नोटरी: कालिरोई व्लाखू
कावाला, १२ ऑक्टोबर २०२३