साहेबांच्या गळ्यातली चकती

४ मे, पहाटे ५
लेकीकडे निघालोय. दोन दिवसांचा मोटारीचा रस्ता. पुढे मुलगा आणि सून, मागे मी आणि कुत्रा. त्याचं नाव इंग्रजी आहे, माझ्या कवळीत बसत नाही. मी साहेब म्हणते. काम काडीचं नाही, रुबाब फार, म्हणून.

सुनेनं कुत्र्याच्या नियमांचा कागद वाचून दाखवला. निघायच्या तीन तास आधी थोडं खाणं, मग मुक्कामापर्यंत काही नाही. त्याच्या डब्यातलेच दाणे, तेही कपानं मोजून. पाणी घोट घोट. पट्टा हातात धरल्याशिवाय दार उघडायचं नाही. म्हटलं, मी चार पोरं वाढवली, कप नव्हता घरात. तर म्हणे, आई, मागच्या खेपेला कुणीतरी बिस्किटं चारली आणि मला सीट धुवावी लागली. कुणीतरी म्हणताना माझ्याकडे कशाला बघायचं?

मुलानं तर निकालच दिला. या वेळी ह्याचं पोट बिघडलं तर पुढच्या वर्षी हा घरी, आणि ह्याच्या सोबतीला तू घरी.

लेक वर्षातून एकदा दिसते. तेव्हा निश्चय केला. साहेबांना माझ्या हातून एक कण मिळणार नाही. मी शब्दाची पक्की.

सकाळी ८.१०
एक बिस्कीट दिलं. दिलं म्हणजे पडलं. पडलेलं उचलायला माझी कंबर वाकत नाही.

८.२५
परत पडलं. रस्ता खराब आहे.

१०.००
पुडा संपला. माझ्यासाठी उकडलेली अंडी होती. पिवळं मला पचत नाही आणि अन्न टाकणं माझ्या स्वभावात नाही.

११.४०
साहेब ओकले. माझ्या शालीवर. सीट वाचली, पण ते कोण लक्षात घेतो? मुलगा म्हणाला, आई, काय दिलंस? म्हटलं, एवढी वळणं कोण घेत होतं? सून वाकून म्हणते, ह्यात अंडं दिसतंय. घारीची नजर बाईची. म्हटलं, पित्तही पिवळंच असतं.

दुपारी २
साहेबांच्या गळ्यात पत्र्याची चकती आहे, तिच्यावर मुंगीएवढी अक्षरं. हरवला तर लागेल ती सगळी माहिती त्यात आहे, असं सून सांगते. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही मोठ्या अक्षरांची. शिवाय ती दर खड्ड्याला किणकिणते, डोळ्याला डोळा लागू देत नाही. काढली आणि माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. चाळीस वर्षं कपाटाची किल्ली कमरेला आहे, एकदा हरवली नाही. कुत्रा हरवेल कदाचित, चकती हरवायची नाही.

त्याच्या अंगावरचा पट्टाही दोन भोकं सैल केला. आवळून ठेवल्यावर कुणाला झोप येते?

५ मे, सकाळी ९
मुक्कामावर साहेब ठणठणीत. कपभर दाणे खाल्ले. म्हणजे अंडं बाधलं नव्हतंच.

नवा निश्चय. मुक्काम येईपर्यंत त्याला काही नाही, मलाही नाही. शिस्त लावायची तर आधी आपण करून दाखवावं. नाश्त्याचा टोस्ट तेवढा रुमालात बांधून घेतला. माझ्यासाठी.

९.२०
टोस्ट पडला.

दुपारी ३
घडलं ते लिहून ठेवते, नाहीतर हे लोक उद्या भलतंच सांगतील.

पेट्रोल पंपावर थांबलो. म्हटलं, साहेबांना मी फिरवून आणते. सून म्हणाली, पट्टा मनगटाला गुंडाळा हो आई. म्हटलं, तो माझ्या शब्दाबाहेर नाही. तो शब्दाबाहेर गेलाच नाही, पट्ट्याबाहेर गेला. रिकामा पट्टा माझ्या हातात आणि शेपटी झुडपामागे. मी मागे धावले. ह्या गुडघ्यांनी! झुडपं संपली, कुंपण संपलं, पुढे दुसराच रस्ता आणि टायरांचा ढीग.

मी हरवले नव्हते. पंप हरवला होता.

तिथला पंक्चरवाला जेवत होता. भला माणूस. बसा आजी म्हणाला, ताटली पुढे केली. पोटात कावळे ओरडत होते, पण लगेच हात घालणं बरं दिसत नाही. माझा फोन गाडीत. मुलाचा नंबर मला तोंडपाठ आहे. तीनदा सांगितला, तीनदा वेगळंच कुणीतरी बोललं. मग त्याची नजर माझ्या कमरेकडे गेली. जुडगा हातात घेऊन काहीतरी वाचलं आणि ताटली मागे ओढली! म्हणे, नको आजी, तुम्हाला त्रास होईल. नुसतं पाणी दिलं. तेही घोट घोट. मी तोंड केविलवाणं केलं, तर बाबानं ताटलीवर झाकण ठेवलं. दैव देतं आणि कर्म नेतं.

मग फोन लावून म्हणाला, तुमचं सापडलंय. पलीकडून सून ओरडत होती, इथवर ऐकू आलं. कुत्रा केव्हाचा गाडीपाशी येऊन बसलाय, आमच्या सासूबाई सापडत नाहीत! पंक्चरवाल्यानं माझ्याकडे बघितलं, चकतीकडे बघितलं आणि म्हणाला, मग बरोबर आहे, त्याच असतील.

न्यायला आले तेव्हा सुनेचे डोळे लाल. धूळ फार आहे त्या रस्त्याला.

६ मे, दुपारी, लेकीकडे
जेवणात लेकीच्या पोरीनं जुडगा ओढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. 'मला घरी पोचवा. कितीही केविलवाणं तोंड केलं तरी खायला देऊ नका. पोट नाजूक आहे, उलटी होते.' खाली सुनेचा नंबर.

जावई हसून हसून ठसकले. लेक, माझी सख्खी लेक, टेबलाखाली गेली हसत.

मुलगा म्हणाला, कुत्र्याला पुढच्या वर्षी आणायला हरकत नाही, तो शहाणा आहे. तुझं बघू. तेव्हा सूनच म्हणाली, आणू या दोघांना, पण नियम दोघांनाही एकच. साहेबांना ती नवी चकती करून घेणार आहे. जुनी परत मागितली नाही. राहू दे म्हटलं, जुडग्याला वजन हवंच.

४.००
लेकीनं पुढ्यात बिस्किटं ठेवलीत. साहेब शेजारी बसून केविलवाणं तोंड करतायत. मीही करून बघितलं.

सुनेनं बशी उचलून नेली.